चिठ्ठ्या वर पाठवा

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की गावोगावच्या व्याख्यानमालांमध्ये हल्ली चीन, तैवान, बांगलादेश असले विषय वाढलेत आणि त्यातली निम्मी भाषणं ऐकवत नाहीत. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आलेत की या वेळी नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. भांडायला आलेल्यांनाही जागा दिलीय.

प्रश्न : आमची व्याख्यानमाला जुनी आहे. यंदा एक पुष्प आंतरराष्ट्रीय घडामोडींवर ठेवायचंय. कमिटीतले काही म्हणतात 'तिसरं महायुद्ध' असा विषय ठेवा, हॉल फुल होतो. मी म्हटलं शेजारी देशांवर ठेवू, तर म्हणाले आपल्याला काय त्याचं. काय करावं? (निफाड तालुका)

निफाडात बसून 'आपल्याला काय त्याचं' म्हणणाऱ्या माणसाला आधी एक दिवस लासलगावला कांद्याच्या लिलावाच्या वेळी ट्रॅक्टरच्या रांगेत उभं करा, मग मीटिंगला बसवा. तुमचा विषय तिथंच पडलाय हो.

सप्टेंबर २०१९ च्या शेवटी केंद्राने कांद्याची निर्यात एका झटक्यात बंद केली. चार-पाच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या, उद्योजकांसमोर बोलायला उभ्या राहिल्या आणि मधेच हिंदीत म्हणाल्या की तुम्ही कांदा का बंद केलात माहीत नाही, मी तर माझ्या आचाऱ्याला सांगितलंय की आता कांद्याशिवाय स्वयंपाक कर. सगळे हसले. पण त्यात एक बोच होती, आधी सांगितलं असतं तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती. त्यानंतर तिकडं कांदा किलोला दोनशे टक्यांच्या वर गेला आणि त्यांनी चक्क विमानातून कांदा मागवला. पुढच्या सप्टेंबरला, म्हणजे २०२० मध्ये, पुन्हा तेच, न सांगता बंदी, सीमेवर ट्रक उभे आणि ट्रकात कांदा सडतोय. मग ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात पूर्ण बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण किमान निर्यात मूल्य टनाला ५५० डॉलर आणि शुल्क तसंच, सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर, आणि १ एप्रिल २०२५ ला एकदाचं शून्य. मधल्या काळात तिकडचं सरकार काय करत बसलं असेल? त्यांनी स्वतःचा कांदा वाढवायला घेतला, पाकिस्तान-चीन-तुर्कस्तानकडं दार उघडलं. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानात जायला लागलं की पहिल्या दुकानदाराने कितीही हाक मारली तरी... तुम्हाला हे मी काय सांगायचं.

तर हे परराष्ट्र धोरण आहे. शहरी गिऱ्हाइकाला स्वस्त कांदा द्यायचा दिल्लीतला निर्णय, त्यामुळं ढाक्यातला राग, आणि त्याचा फटका तुमच्या कांदाचाळीतल्या मालाला. विदर्भातल्या माणसांना हेच संत्र्यावरून सांगता येईल, बांगलादेश आयात शुल्क वर्षागणिक वाढवत गेला आणि वरूड-मोर्शीची संत्री इथंच पडून राहायला लागली.

म्हणून माझं म्हणणं, विषयाला नाव द्या 'लासलगाव ते ढाका'. दोन माणसं बोलवा. आधी वीस मिनिटं एखादा निर्यातदार नाहीतर ट्रान्सपोर्टवाला, ज्याचा माल पश्चिम बंगालात घोजाडांगाला नाहीतर महदीपूरला बांगलादेशच्या सीमेवर अडकलाय, त्याला बोलू द्या, भाषण नसेल येत तर कोणीतरी समोर बसून प्रश्न विचारा. त्याच्यानंतर अभ्यासक, दोन्ही देशांतून वाहणाऱ्या तिस्ता नदीचं पाणी, सीमा, ऑगस्ट २०२४ मध्ये हसीनांना देश सोडावा लागला तेव्हापासूनचा दुरावा, सगळं तो जोडून देईल. आणि कृपा करून दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, हे दहा मिनिटांत उरका. मी एका गावात पावणेसातला सुरू व्हायचं भाषण आठ वाजता सुरू झालेलं पाहिलंय, आणि साडेआठला पहिल्या रांगेतले मान्यवर उठून गेले कारण लग्नाला जायचं होतं.

प्रश्न : कॉलेजात एका निवृत्त अधिकाऱ्यांचं लेक्चर झालं. ते एलओसी, एलएसी सटासट बोलत होते. मला दोन्ही एकच वाटलं, विचारायची लाज वाटली. (पुणे)

लाज वाटायचं काही कारण नाही, टीव्हीवरच्या अँकर लोकांचीही अधूनमधून गल्लत होते. एलओसी म्हणजे नियंत्रण रेषा, पाकिस्तानच्या बाजूला, साधारण ७४० किलोमीटर. १९७२ च्या सिमला करारानंतर दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांनी बसून नकाशांवर ती आखली आणि डिसेंबर १९७२ मध्ये सह्या केल्या. म्हणजे भांडण आहे, गोळीबारही होतो, पण रेघ कुठं आहे यावर वाद नाही.

एलएसी म्हणजे प्रत्यक्ष ताबा रेषा, चीनच्या बाजूला. आपण म्हणतो ३,४८८ किलोमीटर, ते म्हणतात दोन हजारच्या आसपास. बघा, लांबीवरच एकमत नाही! पूर्ण रेघेचे नकाशे एकमेकांना दिलेच गेले नाहीत, फक्त मधल्या पट्ट्याचे २००० साली दिले. त्यामुळं काही ठिकाणी आपली गस्त 'आमच्या हद्दीत' जाते आणि त्यांची गस्त 'त्यांच्या हद्दीत' येते आणि ती जागा एकच असते. गावाकडं बांधावरून भांडणं होतात ना, मोजणी न झालेल्या जमिनीची, तसंच. १९९६ च्या करारात रेघेच्या दोन किलोमीटरच्या आत बंदूक चालवायची नाही असं ठरलंय, म्हणून जून २०२० ला लडाखच्या गलवान खोऱ्यात दगड आणि खिळे ठोकलेल्या दांडक्यांनी मारामारी झाली आणि आपले २० जवान गेले. पुढच्या वेळी कुणी 'चीन आत घुसला' किंवा 'कुणीच घुसलं नाही' असं ठामपणे म्हणालं, की हात वर करून विचार, कुणाच्या नकाशाप्रमाणे? त्याच्यानंतर भाषण एकदम सुधारतं.

प्रश्न : वय ७१. एका नामांकित संस्थेत श्रीलंकेवरचं भाषण ऐकायला गेलो होतो. प्रश्नोत्तरात मी बोलत असताना सूत्रसंचालक बाईंनी 'काका, प्रश्न विचारा' म्हणून माईक काढून घेतला. मी जेमतेम चार मिनिटं बोललो होतो. हा अपमान नाही का? (ठाणे)

काका, रागावू नका, पण चार मिनिटं तुम्हीच लिहिलीत. मी पत्र दोनदा वाचलं, त्यात १९८७ ला भारताने श्रीलंकेत पाठवलेली शांतिसेना आली, तुमचा जाफन्यातला मित्र आला, नेहरू आले, प्रश्न काही सापडला नाही. बाईंच्या जागी मी असतो तर अडीच मिनिटांत माईक घेतला असता. (गोड बोलून घेतला असता, एवढं मान्य.)

जुनी चिठ्ठीची पद्धत मला म्हणूनच आवडते. कागदाच्या चिटोऱ्यावर प्रश्न लिहायचा आणि वर पाठवायचा, लिहिताना माणूस आपोआप आटोपतं घेतो. तुमच्या पत्रातून मी एक चिठ्ठी काढलीय : 'हंबनटोटा बंदर श्रीलंकेने २०१७ मध्ये चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलं, आणि २०२२ मध्ये देश कर्जात बुडाला तेव्हा भारताने सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली, तर आज कोलंबोत कुणाचा शब्द जास्त चालतो?' वीस सेकंद. आणि शांतिसेनेची आठवण भाषण संपल्यावर चहाच्या टेबलाशी सांगा, वक्ता तिथं खरंच ऐकतो.

प्रश्न : भारत-चीन संबंधांवरच्या कार्यक्रमाची सुरुवात डॉ. कोटणीसांपासून करायची कल्पना आहे. भाबडेपणा होईल का? (सोलापूर)

सोलापुरात नाही करणार तर कुठं करणार? १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांत द्वारकानाथ कोटणीस तुमचे आणि डॉ. चोळकर नागपूरचे. बाकीचे परतले, कोटणीस राहिले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. डिसेंबर १९४२ मध्ये वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले.

भाबडेपणा तेव्हा होतो जेव्हा कार्यक्रम तिथंच संपतो आणि सगळे डोळे पुसत घरी जातात. कोटणीस गेल्यावर बरोबर वीस वर्षांनी, १९६२ ला युद्ध झालं. मधे १९५४ चा पंचशील करार झाला होता. ही वीस वर्षं वक्त्याकडून नीट सांगून घ्या, कोटणीसांना दहा मिनिटं पुरे.

प्रश्न : सार्क चालू आहे का बंद पडलं? (नांदेड)

सार्क म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांची संघटना. काठमांडूत ऑफिस आहे, पाटी आहे. पण नेत्यांची शेवटची परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथंच झाली. २०१६ ची इस्लामाबादला व्हायची होती, उरीच्या हल्ल्यानंतर भारताने जायला नकार दिला, इतरही मागे हटले, तेव्हापासून झालेली नाही.

प्रश्न : यूट्यूबवर रायसीना, शांग्री-ला सगळ्या मोठमोठ्या परिषदांची भाषणं फुकट मिळतात. मग गावातल्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून काय वेगळं मिळणार? (रत्नागिरी)

ती भाषणं जरूर ऐका. रायसीना दिल्लीत २०१६ पासून, शांग्री-ला सिंगापुरात २००२ पासून, त्याच नावाच्या हॉटेलात. फक्त लक्षात ठेवा, तिथं मंत्री स्टेजवर जे बोलतात ते आधी दहा जणांनी तपासून दिलेलं असतं आणि खरी बोलणी वरच्या मजल्यावर खोलीचं दार लावून होतात, ती काय यूट्यूबवर येणार नाहीत.

प्लास्टिकच्या खुर्चीचं म्हणाल तर तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. दाभोळच्या बाजूला एका गावात बोटीवर नोकरी करून रिटायर झालेल्या एका गृहस्थांचं भाषण ऐकलं. विषय मलाक्काची सामुद्रधुनी, म्हणजे मलेशिया आणि सुमात्रा यांच्यामधला समुद्राचा चिंचोळा रस्ता. शाळेतून आशियाचा नकाशा आणला होता, एक कोपरा फाटलेला, खिळ्याला नीट बसेना म्हणून दोन मुलं शेवटपर्यंत धरून उभी होती. गृहस्थांनी खिशातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं. सौदीच्या बंदरावर एक टोक धरलं, होर्मुझमधून बाहेर, श्रीलंकेला वळसा, अंदमान-निकोबारच्या खालून मलाक्कात, सिंगापूर, तिथून वर जपान. दोरा तोडला. मग म्हणाले, समजा मलाक्का बंद झाली. दुसरा दोरा घेतला आणि सुमात्राच्या खालून लांबून, इंडोनेशियातल्या लोंबोकच्या सामुद्रधुनीतून फिरवून पुन्हा जपानला नेला. दोन्ही दोरे शेजारी लोंबकळत धरले आणि जास्तीचा तुकडा कात्रीने कापून पहिल्या रांगेतल्या एका आजींच्या हातात ठेवला. 'या तुकड्याचं तेल कोण भरणार, ते सांगा.'

मग सांगितलं की ही सामुद्रधुनी सिंगापूरजवळ एका ठिकाणी पावणेतीन-एक किलोमीटर रुंद आहे, म्हणजे आपण सकाळी फिरायला जातो तेवढी. चीनचं बरंचसं तेल त्या फटीतून जातं, २००३ पासून त्यांचे नेते त्याची काळजी करतायत, आणि फटीच्या पश्चिमेच्या तोंडाशी आपलं ग्रेट निकोबार बसलंय, तिथून सुमात्रा दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर. रात्री चाच्यांच्या भीतीने डेकवर पाण्याचे पाइप चालू ठेवून कसा पहारा द्यायचो तेही सांगितलं, ते ऐकताना मागची पोरंसुद्धा मोबाइल विसरली.

मी त्याआधी मलाक्कावर चार-पाच तज्ज्ञांना ऐकलं असेल, मोठ्या हॉलमध्ये, स्लाइडसकट. त्यातलं आज एक वाक्य आठवत नाही. आजींनी तो दोऱ्याचा तुकडा जाताना बटव्यात टाकला, हे मात्र मी पाहिलं.