गोगलगाईची जात, प्रजाती की वंश?

औशाकडच्या एका शिक्षकांनी प्रश्न पाठवला आहे. पेरणीच्या आधी त्यांना मुलांकडून शंखी गोगलगाईवर भित्तिपत्रक करून घ्यायचे आहे. वर्तमानपत्राच्या कात्रणात त्यांना ‘अकॅटिना फुलिका प्रजातीची गोगलगाय’ असे सापडले आणि एका माहितीपत्रकात ‘लिसाकॅटिना फुलिका ही जात’ असे. ते विचारतात, ह्या दोन वेगळ्या गोगलगाई आहेत का? आणि जात म्हणावे की प्रजाती?

गोगलगाय एकच आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सोयाबीनची नुकती उगवलेली रोपे रातोरात फस्त करून जिने दुबार पेरणीची पाळी आणली, तीच ही. मूळची पूर्व आफ्रिकेतली; १८४७ साली मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली. तिला दोन नावे का, हे कळले की जात-प्रजातीचा गुंताही सुटतो, म्हणून आधी नावाकडे वळू.

शास्त्रीय नाव शाळेच्या हजेरीपटासारखे असते: आडनाव आधी, नाव मागून. ‘फुलिका’ हे नाव, ‘अकॅटिना’ हे आडनाव. १९५० साली प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ बेकार्ट ह्यांनी अकॅटिनांमध्येच ‘लिसाकॅटिना’ असा एक पोटगट पाडला. ग्रीक ‘लिसोस’ म्हणजे गुळगुळीत. त्याच वर्षी अल्बर्ट मीड ह्यांनी ह्या कुलातल्या आफ्रिकी गोगलगाईंच्या जननेंद्रियांचा तौलनिक अभ्यास छापला. पुढे त्या पोटगटाला स्वतंत्र घराचा मान मिळाला आणि डीएनएच्या तुलनेतही फुलिका खऱ्या अकॅटिनांपासून वेगळ्या फांदीवर बसली. आडनाव बदलले, नाव तेच राहिले. शेतातल्या गोगलगाईत काही फरक पडला नाही. तिचे नाते कोणाशी जवळचे, ह्याविषयीची आपली समजूत बदलली.

आता शब्द. फुलिका ही झाली जाती. (पाठ्यपुस्तकात एकवचनीही ‘जाती’ लिहितात, बोलताना आपण ‘जात’ म्हणतो. दोन्ही एकच.) लिसाकॅटिना हे जे वरचे घर, त्याला काही पुस्तके ‘प्रजाती’ म्हणतात आणि काही ‘वंश’. गोंधळ इथेच होतो, कारण वर्तमानपत्रे ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास जातीसाठी वापरतात. समाजातल्या जातीची सावली नको म्हणून लिहिणारा कचरत असावा, असे मला वाटते. पण त्यामुळे एकच शब्द दोन पायऱ्यांवर उभा राहतो, आणि मुलाला फुलिका प्रजाती की लिसाकॅटिना प्रजाती हे कळेनासे होते.

माझे मत स्पष्ट आहे: खालच्या पायरीला जाती, वरच्या पायरीला वंश, आणि प्रजाती हा शब्द ह्या कामातून मोकळा करावा. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत ‘प्रजातिश्च स्वाध्यायप्रवचने च’ असे येते. तिथे शंकराचार्यांनी प्रजातीचा अर्थ नातवंडे होणे असा लावला आहे. म्हणजे शब्दाचा ओढा खाली, पुढच्या पिढ्यांकडे. त्याला वरच्या पायरीवर बसवणे मला पटत नाही. उलट ‘वंश’ म्हणजे संस्कृतात मुळात बांबू. एका बेटातून अनेक काठ्या फुटाव्यात तसे एका वंशातून जातींचे फुटवे. आणि ‘जाती’ तर ‘जन्’ धातूतूनच आली आहे, जन्माने ठरणारी. आजचे वर्गीकरण नेमके हेच शोधते: कोण कोणापासून जन्मले.

पूर्वी ते दिसण्यावर ठरत असे. १७५८ साली वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने शंखवाल्या आणि बिनशंखाच्या गोगलगाई चक्क दोन वेगळ्या गणांत (वंशाच्याही वरच्या पायरीवर) टाकल्या होत्या. पण शंख फसवतो. हवेतला ओलावा, मातीतला चुना, खाणे ह्यांवर त्याचा आकार आणि जाडी बदलते. दूरच्या नात्यातल्या दोन गोगलगाईंचे शंख सारखे निघतात आणि सख्ख्यांचे वेगळे. शंख आखडत जाऊन नाहीसा होणे तर वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे, अनेकदा घडले आहे. ओल्या विटेखाली सापडणारी ती चामड्यासारखी, चपटी, काळसर, बिनशंखाची गोगलगाय लेव्हिकॉलिस शंखीची शंख हरवलेली बहीण मुळीच नाही. आतून पाहिले तर तिला शंखीसारखी फुप्फुसाची पोकळीही नसते. म्हणजे ‘बिनशंखी’ हे वर्णन आहे, वंश नव्हे.

म्हणून अभ्यासक आत पाहतात. जमिनीवरच्या बहुतेक गोगलगाई उभयलिंगी. त्यांच्या जननेंद्रियांच्या नळ्या, पिशव्या, त्यांची लांबी आणि वळणे जातीजातीत निराळी असतात. जिभेसारख्या पट्टीवरचे हजारो बारीक दातही सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. मग डीएनए. तिथेही एकाच जनुकावर विसंबून चालत नाही: गोगलगाईंच्या माइटोकॉन्ड्रियातला (पेशीकेंद्राबाहेरच्या, ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला) डीएनए इतका झपाट्याने बदलतो की एकाच जातीतल्या दोन वस्त्या परक्या वाटाव्यात. म्हणून पेशीकेंद्रातली जनुकेही पाहतात आणि शरीररचनेशी ताळा जुळतो का ते तपासतात.

मग आपला ‘गोगलगाय’ हा शब्द कोणत्या पायरीचा? जातीचा नाही, वंशाचाही नाही. तो फार वरचा, ढोबळ शब्द आहे. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण गरीब चेहऱ्याच्या कपटी माणसाला लावतो, पण म्हणीतले निरीक्षण अचूक आहे. ह्या प्राण्यांच्या वर्गाला शास्त्रात ‘उदरपाद’ म्हणतात, म्हणजे शब्दशः पोटात पाय. मुलांना हे जरूर सांगा, म्हण त्यांना येतच असते.

‘वाण’ मात्र इथे नको. वाण सोयाबीनचा, पेरण्यासाठी निवडून तयार केलेला. गोगलगाईला वाण नसतो.

तेव्हा भित्तिपत्रकावर असे लिहावे: ‘शंखी गोगलगाय. वंश: लिसाकॅटिना. जाती: लिसाकॅटिना फुलिका. जुने नाव: अकॅटिना फुलिका.’ जुने नाव गाळू नका. मुलांच्या घरी येणाऱ्या कात्रणांत तेच असते. आणि अनेकवचनाबद्दल: गाय–गाई, म्हणून मी ‘गोगलगाई’ लिहितो. ‘गोगलगायी’ही रूढ आहे, पण एका कागदावर एकच रूप ठेवा.