बघितलं ते आणि ऐकलं ते

विटा, रविवार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा ओसरीवर बसून तू म्हणालीस, "तात्या, शाळेत भाषणाला बोलावलंय, पण सांगू काय? युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा खारकीवला सहा दिवस नुसतं तळघरात तर बसले होते." आणि लगेच, "रणगाडे बघितले असं थोडं घालू का?" तुझी आई समोर होती म्हणून गप्प बसलो. आता लिहितो. घालू नकोस. बघितलं ते बघितलं, ऐकलं ते ऐकलं.

१९७१ साली मी पंधरा वर्षांचा, अमृतसरला गुरू बाजाराजवळच्या बोळात मामांच्या गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या, दुकानात भाता मारायला होतो. ३ डिसेंबरला संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास पाकिस्तानी विमानांनी अमृतसरजवळच्या राजासांसीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. त्याच वेळी पठाणकोट, श्रीनगरकडेही हल्ले झाले. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी बघितलं ते एवढंच: भट्टी लालभडक, मुशीत गिऱ्हाइकाचं सोनं नुकतं पाणी झालेलं, आणि भोंगा. उजेड बाहेर जाऊ नये म्हणून मामांनी भट्टीवर ओलं पोतं टाकलं. वाफेचा भपकारा माझ्या मनगटावर आला, तो डाग तू बघितलायस. मग अंधार. सोनं मुशीतच थिजलं. मूस निवल्यावर मामा ती मांडीवर घेऊन रात्रभर भिंतीला टेकून बसले, कारण माल दुसऱ्याचा होता. मी मेजाखाली. मध्यरात्रीनंतर शेजारच्या रेडिओवर इंदिरा गांधींचा आवाज आला, पण मला आपलं मनगटच झोंबत होतं. पुढं १७ तारखेला युद्ध थांबेपर्यंत रात्री भट्टी पेटली नाही. संपलं. माझं युद्ध एवढंच.

एवढंच सांगायला हवं होतं. पण गावात एका कार्यक्रमात फेटा बांधून, नारळ देऊन मला माईकपुढं उभं केलं, आणि मी छेहर्टा सांगितलं. २२ सप्टेंबर १९६५ला, युद्धविराम काही तासांवर आलेला असताना अमृतसरजवळच्या छेहर्ट्यावर बॉम्ब पडले, साधी माणसं मेली, हे खरंच आहे. पण ते बघितलं मामांनी. त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की मी "माझ्या डोळ्यांदेखत" म्हणून गेलो. टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर एक निवृत्त सुभेदार कानाशी लागला, "लेका, पासष्टला आपण चौथीत एका बाकावर होतो की."

आता तू म्हणशील, तात्या, तुम्हीच केलंत आणि मला शिकवता? हो, शिकवतो. आणि माझीही बाजू ऐक. शे-दीडशे माणसं समोर बसल्यावर थिजलेल्या मुशीचं कोण ऐकतं? मामांचं दुःख कुणीतरी सांगायला नको? असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. अजूनही थोडं पटतं मला. पण झालं काय, तर आता मामांच्या आठवणीतलं किती आणि मी भरलेलं किती, ते मलाच वेगळं करता येत नाही. मामा असते तर विचारलं असतं. जन्मभर दुसऱ्याच्या सोन्यातलं तांबं काढलं आणि स्वतःच्या बोलण्यात भेसळ केली.

म्हणून वही घे. डाव्या पानावर बघितलेलं, उजव्या पानावर ऐकलेलं. सायरनच्या वेळी तळघरात कोण कुठं बसायचं, पाणी किती जणांत वाटलं, मोबाइल कुणाचा चालू होता, हे सगळं डावीकडं. कर्नाटकातल्या हावेरीचा विद्यार्थी २०२२च्या १ मार्चला खारकीवमध्ये मारला गेला ते तुला फोनवर कळलं ना? मग उजवीकडं. "ताबडतोब खारकीव सोडा, चालत निघा" हा २ मार्चचा आपल्या दूतावासाचा निरोप तू स्वतः वाचलास, तो डावीकडं. आणि हे फुटकळ आहे असं परत म्हणालीस तर मी चिडेन. सांगून ठेवतो.

खारकीवबाहेरच्या पिसोचिनपर्यंतचे अकरा किलोमीटर तू मैत्रिणीचे बूट घालून चाललीस म्हणे. तुझी आई सांगत होती. म्हणजे माझ्याकडं ते अजून ऐकीव आहे. गुरुवारी बाजार करून येशील तेव्हा वही घेऊन ये.

तुझा
तात्या