'मॅप' म्हणजे नकाशा नव्हे

प्रश्न असा : हास्केलसारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या 'की-व्हॅल्यू मॅप'ला, म्हणजे प्रत्येक कीसमोर (शोधायच्या खुणेसमोर) एक मूल्य नोंदवणाऱ्या साठ्याला, मराठीत 'चावी-मूल्य नकाशा' म्हणावे का, आणि तो कमीत कमी अक्षरांत कसा लिहावा?

'नकाशा' अजिबात म्हणू नये. नाशिकच्या क्लासांत आणि यांत्रिक भाषांतरांत हा शब्द इतका बोकाळला आहे की ऐकवत नाही. 'नकाशा' आला अरबी 'नक्श'वरून. नक्श म्हणजे कोरणे, रेखाटणे. तांबट आळीतल्या भांड्यांवरची 'नक्षी' त्याच मुळाची. म्हणजे नकाशात रेघ हवीच. इंग्रजी 'मॅप'चे कूळ वेगळे. लॅटिन 'मप्पा' म्हणजे कापड, हात पुसायचा रुमाल. 'नॅपकिन' आणि 'ॲप्रन' हे त्याच घराण्यातले. गणितात शिरताना 'मॅप'ने चित्र टाकून दिले आणि 'याच्यासमोर ते' एवढाच अर्थ ठेवला. 'नकाशा' त्या वाटेने कधी गेलाच नाही.

काही जाणकार 'एकास एक संगती' सुचवतात. ते साफ चूक आहे. दोन कींची किंमत एकच असू शकते. एका कीला दोन किंमती नसतात, एवढीच अट. आणि हो, 'किंमत'च म्हणा. शाळेत आपण 'क्षची किंमत काढा' असेच शिकलो.

माझा आग्रह 'नामावळी'साठी. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांना आडनाव आणि मूळ गाव सांगितले की नामावळीतून कुळाची नोंद निघते. इथे की जोडीची आहे. हास्केलमध्ये अशी टपलची (ठरावीक घटकांच्या गटाची) की सरळ चालते : आधी आडनाव ताडले जाते, ते सारखे निघाले तरच गाव. मात्र अशी नामावळी 'फ्रॉमलिस्ट'ने (जोड्यांच्या यादीतून मॅप बनवणाऱ्या फंक्शनने) भरू नका. तीच की पुन्हा आली की शेवटची किंमत उरते, आधीच्या नोंदी गुपचूप जातात. किंमती याद्यांत ठेवून 'फ्रॉमलिस्टविथ (++)' वापरा; ++ म्हणजे याद्या जोडणे. ती नंतरची यादी आधीच्या यादीपुढे जोडते, म्हणून क्रम उलटा लागतो हे ध्यानात ठेवा.

आता लेखनाचे. हास्केलमध्ये मॅपसाठी खास कंस नाहीत. 'ओव्हरलोडेडलिस्ट्स' ही भाषेची जादा सोय चालू केली तर साधी चौकोनी यादीच मॅप होते, पण प्रकार (टाइप) स्पष्ट लिहिला नाही तर कंपायलर (कोड तपासून त्याचे भाषांतर करणारा प्रोग्रॅम) अनेकदा संदिग्धतेची तक्रार करतो. त्यापेक्षा जोडी बनवणारे ~> हे चिन्ह स्वतः व्याख्यित करा आणि सोबत 'इन्फिक्स १' (चिन्हाचा अग्रक्रम, म्हणजे कोणती क्रिया आधी, हे ठरवणारी ओळ) लिहाच. ते विसरलात तर अग्रक्रम आपोआप ९ धरला जातो. मग "पंचवटी" ~> ४२२००० + ३ मध्ये आधी जोडी बनते आणि तिच्यात ३ मिळवायला गेल्यावर प्रकाराची चूक येते. स्काला या दुसऱ्या भाषेतले -> हेही भाषेचे खास चिन्ह नाही, जोडी बनवणारी साधी मेथड आहे. तिथे अग्रक्रम पहिल्या अक्षरावरून ठरतो, त्यामुळे -> आणि + एकाच पायरीवर येतात आणि डावीकडून सोडवले जातात. बेरजेला कंस घाला.