भावाला एक वार लावून द्या

ताई, तुमचा भाऊ २३ वर्षांचा, सौम्य बौद्धिक दिव्यांग. १८ व्या वर्षी विशेष शाळा संपली, तेव्हापासून घरीच. संध्याकाळी गॅलरीतून समोरच्या मैदानावरचं क्रिकेट बघत उभा असतो. त्याला मित्र कसे मिळतील, असं तुम्ही विचारलंय. माझा मुलगाही असाच, आता २९ चा आहे, आम्ही सांगलीत गावभागात राहतो.

पहिली दोन वर्षं आम्हीही चुकलो. गल्लीतल्या पोरांना घरी बोलवायचं, भडंग-चहा द्यायचा. पोरं चांगली होती, पण तासाभरात उठून जायची. याच्याशी बोलायचं काय, हे त्यांना कळायचं नाही आणि यालाही सुचायचं नाही. दोस्ती बरोबरीनं काम करताना होते, हे आम्हाला फार उशिरा उमगलं.

मग त्याला शनिवारच्या भजनाला घातलं. बुवांना आधीच मोकळेपणानं सांगितलं: एका वेळी एकच गोष्ट सांगा, उत्तर यायला वेळ लागतो, तेवढं थांबा. त्यांनी सतरंजी घालणं आणि टाळ वाटणं त्याच्याकडे सोपवलं. चौदा जोड वाटायचे, शेवटी मोजून पेटीत ठेवायचे. तीन महिने त्यानं मान वर केली नाही, नुसते टाळ मोजले. मी आधी खांबाला टेकून बसायचे, मग बाहेर पायरीवर, मग घरीच. घरी थांबणं मला फार जड गेलं. एका शनिवारी ताप आला म्हणून तो गेला नाही, तर भजनातल्या एका मुलाचा फोन: "काकू, त्याला द्या जरा. अरे, टाळ तेराच भरतायत, चौदावा जोड कुठं ठेवलास?" त्याच्यासाठी म्हणून आलेला तो आयुष्यातला पहिला फोन. अंगात ताप असून उठून बसला.

ठरलेला वार, तीच माणसं आणि त्याच्या वाट्याचं एक काम, एवढं बघा. गणपती मंडळात घालणार असाल तर वर्गणीच्या बैठकांपासून पाठवा, दहा दिवसांच्या गर्दीत ओळख होत नाही. स्पेशल ऑलिंपिक्स भारत या संस्थेच्या युनिफाइड खेळांचीही चौकशी करा. तिथे बौद्धिक दिव्यांग आणि इतर मुलं एकाच संघात खेळतात.

एकट्यानं जाता यायला हवं. मिरजेच्या बसमध्ये मी आधी शेजारी बसले, नंतर दोन बाकं मागे, शेवटी नुसती स्टॉपवर उभी. यात सात-आठ महिने गेले. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर काढून घ्या, एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे.

फसवणारेही भेटतात. एकानं दोस्त म्हणवून त्याच्याकडून तीनदा मोबाइलचा रिचार्ज करून घेतला. तेव्हापासून खिशात शंभरच रुपये आणि तोंडात एक वाक्य: "घरी विचारून सांगतो." जेवताना मी पैसे मागायचे, तो हे म्हणायचा, असा रोज सराव केला. बाहेर जाणं मात्र बंद केलं नाही.

तुमच्या भावासाठी मैदान समोरच आहे. त्याला घेऊन खाली जा. कोणी नाव विचारलं तर तुम्ही सांगू नका, मनात दहापर्यंत मोजा. सुरुवातीला पोरं त्याला स्टंप आणायला सांगतील, आणू द्या. पण तिथेच अडकू देऊ नका. पंधरा दिवसांनी अंपायरशेजारी उभा राहून चेंडू मोजायचं काम मागून घ्या. सहा खडे एका खिशात, प्रत्येक चेंडूला एक खडा दुसऱ्या खिशात.