गाडी लो करायची, पण किती?

प्रश्न: काका, माझ्याकडे 2003 ची फियाट पालिओ आहे, 1.6 पेट्रोल. आमचं गाव आर्णी तालुक्यात, हायवेपासून नऊ किलोमीटर आत. इंजिन अजून खणखणीत आहे, पण गाडी टाचा उंचावून उभी असल्यासारखी दिसते. टायर आणि मडगार्डच्या मधे चार बोटं सहज जातात. व्हिडिओत लोक 1990 च्या सुमाराच्या माझ्दा मियाटा (छोटी स्पोर्ट्स गाडी) घरच्या घरी खाली आणतात. यवतमाळचा एक मिस्त्री चारही स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे कापून देतो म्हणतो, मजुरीसकट दोन हजार. कॉइलओव्हरचा (उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचा) सेट साठ हजारांच्या वर सांगितला. माझ्याकडे सोयाबीनचे पंचवीस हजार बाजूला आहेत. कापू का?
– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर: नको कापू, राजा. कारण सांगतो, पण त्यासाठी आधी माझंच एक लफडं सांगावं लागेल.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा, दारव्ह्याला दुसऱ्याच्या गॅरेजात हाताखाली होतो. जुनी मारुती आठशे घेतली होती. एका रविवारी मालक नसताना ग्राइंडर लावला आणि मागच्या दोन्ही स्प्रिंगांचा सव्वा-सव्वा वेढा उडवला. गाडी अशी देखणी बसली की दोन दिवस मी पानठेल्यावर तिच्याकडे तोंड करूनच खर्रा खाल्ला. तिसऱ्या दिवशी कारंज्याच्या रस्त्यावर रपट्याच्या (ओढ्यावरच्या बुटक्या पुलाच्या) तोंडाशी गाडी जराशी उडाली, मागचं चाक लटकलं, आणि आतून ‘खण्ण’ असा आवाज आला. स्प्रिंग वरच्या वाटीतून निसटून तिरपी अडकली होती. गाडी लंगड्या बैलासारखी एका अंगावर कलली. मी रपट्यावर आडवा पडून टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, स्प्रिंग ढकलतोय आणि मागे कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागलेली. एक म्हातारे उतरून आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, “काहून कापली बाप्पा? चांगली तं होती!” याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.

हे का होतं ते समजावं म्हणून गोल आकडे घेतो. तुझ्या गाडीचे खरे आकडे तू मोजशीलच. समज, समोरची स्प्रिंग बाहेर मोकळी ठेवली तर 340 मिलिमीटर लांब आहे. कामाचे वेढे सहा. एक मिलिमीटर दाबायला दोन किलो लागतात. चाकावर 300 किलो वजन आलं की ती 150 नं दबते आणि 190 वर बसते. आता दीड वेढा काढला. लांबी राहिली 255. पण वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, आणि हा हिशेब सरळ आहे: सहाचे साडेचार झाले म्हणजे कडकपणा एक तृतीयांशानं वाढला. ती आता 112 नं दबेल आणि 143 वर बसेल. म्हणजे गाडी 47 मिलिमीटर खाली आली, जवळजवळ दोन इंच. इथपर्यंत तुझा यवतमाळचा मिस्त्री बरोबर आहे.

पुढचं तो सांगत नाही. चाक खड्ड्यात लटकतं तेव्हा शॉकअप पूर्ण उघडतो. तेव्हा वरच्या आणि खालच्या वाटीत समज 280 मिलिमीटर अंतर असतं. तुझी स्प्रिंग 255 ची! पंचवीस मिलिमीटर ती नुसती खुळखुळणार. पुढे शॉकअपभोवती असल्यामुळे बाहेर पडणार नाही, पण फिरेल, आणि परत टेकताना कापलेलं टोक जागेवर बसेलच असं नाही. मूळ टोक वाटीच्या खोबणीत बसावं म्हणून घडवलेलं असतं. ग्राइंडरनं कापलेलं टोक वाटीला टोचत राहतं. गॅसनं तापवून स्प्रिंग ‘बसवून’ देणारेही आहेत. त्यांच्या सावलीला उभा राहू नको. लाल केलेल्या स्प्रिंगचं पाणी, म्हणजे पोलादाचा कस, जातं, मग ती आज दोन इंच बसते, दिवाळीपर्यंत तीन आणि एक दिवस तुटते.

आता दुसरी बाजू, दाबाची. गाडी उभी असताना रबराच्या बफरवर टेकायला मागे समज 70 मिलिमीटर जागा आहे. त्यातले 47 तू फॅशनला दिलेस. उरले 23. मागच्या सीटवर मामा-मामी आणि डिक्कीत तुरीचा एक कट्टा, म्हणजे मागच्या प्रत्येक चाकावर नव्वदेक किलो वाढले. कापलेली कडक स्प्रिंगसुद्धा यानं 34 मिलिमीटर दबते. म्हणजे गाडी अंगणात उभी असतानाच बफरवर बसली. चालायला लागल्यावर सस्पेन्शन नावाचं काही उरतच नाही. प्रत्येक दणका बॉडीच्या पत्र्याला आणि मामीच्या कमरेला.

नागपूर-तुळजापूर हायवेवर हे खपेल. तुझे शेवटचे नऊ किलोमीटर खपू देणार नाहीत. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला बोटभर भेगा पडतात, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्यासोबत वर-खाली होतो. म्हणून खड्डा नसलेल्या रस्त्यावरसुद्धा आपल्याकडे गाडी होडीसारखी झुलते. अशा लाटेवर चाकाला वर-खाली जायला जागा पाहिजे, आणि नेमकी तीच आपण कापून टाकतो. गावातल्या सिमेंट रस्त्याची कड तर विचारूच नको. बाजूला मुरूम टाकायचा राहिलेला, वीतभर उंच पायरी. समोरून ट्रॅक्टर आला की चाक खाली उतरवावं लागतं आणि पोट कडेवर घासतं.

गतिरोधकाचंही गणित करून बघ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो, अगदी सपाटीच्या गोलाईचा. तुझ्या दोन चाकांमधलं अंतर अडीच मीटरपेक्षा थोडं कमी, म्हणजे गाडी त्यावर अख्खी चढते आणि पोटाखाली चारेक सेंटीमीटरच लागतात. पण गावातल्या पोरांनी रात्रीतून केलेला उंचवटा असतो फूटभर रुंद आणि 15 सेंटीमीटर उंच. तिथे चेंबरखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या डब्याखाली) पूर्ण 15 लागतात. म्हणून कंपनीचा छापील आकडा विसर. गाडीत चार माणसं बसव, टेप घे आणि चेंबरपासून जमिनीपर्यंत मोज. मग गावाच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट उंचवटा मोज. या दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढीच तुझी चैन.

मियाटाचं म्हणशील तर तिच्या चारही चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आहे, आणि चारही चाकांचा कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) नि टो (चाकं पुढून आत वळलीत की बाहेर फाकलीत ते) जुळवायला बोल्ट दिलेले आहेत. खाली आणली की अलाइनमेंटवाला ते फिरवून चाक सरळ करतो. तुझ्या पालिओला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकच खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा), तिथे तसं सगळं जुळवता येत नाही. शिवाय ती काही फक्त गुळगुळीत रस्त्यांसाठी काढलेली गाडी नाही. फियाटनं ती पहिल्यांदा 1996 साली ब्राझीलमध्ये विकायला काढली, तिथलेही रस्ते काही कमी नाहीत. तुला खटकतो तो उंचपणा मुद्दाम दिलेला आहे.

मग करायचं काय? 25 मिलिमीटर खाली आण, एक इंच. त्याहून खाली नको. वरच्याच आकड्यांत बसव: 70 पैकी 25 गेले, 45 उरले. स्प्रिंग मूळपेक्षा पंधरा टक्के कडक घेतली तर मामा-मामी आणि कट्टा यांना 39 लागतात. जेमतेम जमतं. पंधरा टक्के वाढ नवा साधा शॉकअप सांभाळतो. तेहतीस टक्के झाली की तो हात टेकतो आणि गाडी चेंडूसारखी उड्या मारते.

पैसे मात्र स्प्रिंगपासून खर्च करू नको. बावीस-तेवीस वर्षांच्या गाडीचे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्ट्रटचे वरचे माउंट आणि मागच्या बीमचे बुश यातलं अर्धं तरी गेलेलं असणार. चारही शॉकअप नवे टाक. माझ्या अंदाजानं तुझ्या पंचवीसातले तेरा-चौदा हजार इथेच जातील, आणि गाडी वळणात ‘स्पोर्ट्स’ वाटेल ती याच पैशांमुळे. या गाडीचे पार्ट आता मागाल तेव्हा मिळत नाहीत, म्हणून आधी सगळा माल घरात जमव, मग गाडी खोल. गाडी ठोकळ्यांवर आणि पार्ट कुठेतरी वाटेत, असे चार-चार महिने काढलेली पोरं मी पाहिली आहेत.

स्प्रिंग मापावर वळून घे. जुनी स्प्रिंग, तिची मोकळी लांबी, तारेची जाडी आणि ‘25 कमी, पंधरा टक्के कडक, टोकं मूळसारखी’ एवढं कागदावर लिहून दे. चाक लटकल्यावर स्प्रिंग वाटीत घट्ट राहिली पाहिजे, ही अट त्याच कागदावर टाक. हलक्या मॉडेलची जुनी स्प्रिंग आणून टाकू नको. गाडी खाली बसते खरी, पण स्प्रिंग मऊ, म्हणजे दोन्हीकडून मार. स्वस्तातले कॉइलओव्हर तर आपल्या भागात नकोच. पहिल्याच पावसात काळा चिखल आट्यांत जाऊन सुकतो, मग उंची बदलायची नट छिन्नीनंसुद्धा फिरत नाही.

काम करण्याआधी आणि नंतर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजू मोज. जमिनीपासून मोजशील तर टायरमधली हवा फसवते. तीनशे-चारशे किलोमीटर चालव, स्प्रिंगा बसू दे, मग अलाइनमेंट कर. आधी केलीस तर पुन्हा पैसे. हेडलाइटचा फोकसही तपास.

आणि एक विनाखर्चाची, म्हणजे जवळपास विनाखर्चाची गोष्ट. टायर बदलायचे झालेच असतील आणि गाडीवर 175/65 R14 असतील, तर 185/65 R14 मुळे चाकाची उंची 13 मिलिमीटरनं वाढते. अर्धी वर, अर्धी खाली. त्या चार बोटांतलं अर्धं बोट भरतं आणि पोट उलट सहा मिलिमीटर उचललं जातं. स्पीडोमीटर दोन टक्के कमी दाखवेल. फक्त स्टीअरिंग पूर्ण वळवून टायर आत कुठे घासत नाही ना, ते आधी पाहा.

कायद्याचंही एकदा वाच. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनं कलम 182-अ आलं, त्यात नियमबाह्य बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. तुझी गाडी 2003 ची, म्हणजे आरसीचं पुढचं नूतनीकरण 2028 ला. तेव्हा इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागेल. म्हणून मूळ स्प्रिंगा ग्रीस लावून पोत्यात बांधून माळ्यावर ठेव. भंगारवाला दारात आला की आईला त्या दिसणार नाहीत अशा ठेव. माझ्या तशाच गेल्या.

प्रश्न: मी घेतलेली जुनी गाडी आधीच्या मालकानं लो केलेली आहे. पुढचे टायर आतल्या कडेनं आठ हजार किलोमीटरमध्ये तारेपर्यंत झिजले. मागचे ठीक आहेत. दुकानदार म्हणतो कॅम्बरमुळे, इलाज नाही.
– एक वाचक, वणी

उत्तर: इलाज आहे. गाडी खाली आली की स्ट्रटची चाकं वरून थोडी आत कलतात हे खरं, पण नुसत्या तेवढ्यानं टायर आठ हजारांत जात नाही. टो बिघडलेला असणार. उंची बदलली की टाय रॉडचा (स्टीअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो, चाकं पुढून फाकतात आणि मग टायर रस्त्यावर फरपटत जातो. झिजलेल्या कडेवरून हात फिरव. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर दोष ‘टो’चाच. मागे बीम असेल तर त्याला उंचीनं फारसा फरक पडत नाही, म्हणून मागचे वाचले.

आधी टाय रॉडची टोकं आणि बॉल जॉइंट हलवून पाहा. तुमच्याकडच्या कोळशाच्या ट्रकांनी फोडलेल्या रस्त्यावर ते ढिले झाले असतील, तर टो जुळवून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पार्ट घट्ट झाल्यावर अलाइनमेंटला जाताना एकटे जाऊ नका. रोज गाडीत जेवढी माणसं असतात तेवढी बसवून न्या आणि छापील कागद हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.