वाचकांचे प्रश्न : मेंदूच्या गाठींवरील संशोधन आणि जैवसंख्याशास्त्रज्ञ

प्रश्न : मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. मेंदूच्या कर्करोगावरील उपचारांच्या संशोधनात काम करावे, अशी माझी इच्छा आहे. परंतु घरच्यांचे म्हणणे असे, की संशोधन डॉक्टर करतात आणि संख्याशास्त्रज्ञाच्या वाट्याला शेवटची आकडेमोड तेवढी येते. हे खरे आहे का? या क्षेत्रात येण्यासाठी काय शिकावे? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या घरच्यांचा हा समज अनेक डॉक्टरांचाही असतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. चाचणी संपल्यावर आकडे ज्याच्या हाती येतात, त्या संख्याशास्त्रज्ञाला फारसे काही सावरता येत नाही. त्याचे खरे काम पहिला रुग्ण दाखल होण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. तुलना कोणाशी करायची, यश कशाला म्हणायचे, रुग्ण किती लागतील आणि निकाल केव्हा उघडून पाहायचा, हे सारे तेव्हाच कागदावर ठरवून ठेवावे लागते.

ग्लिओब्लास्टोमा या अतिशय घातक गाठीचे उदाहरण घेऊ. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचारांच्या जोडीला टेमोझोलोमाइड या कर्करोगविरोधी औषधाच्या गोळ्या देण्याची आजची प्रमाणित पद्धत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या युरोप आणि कॅनडातील एका चाचणीतून आली. तिच्यात 573 रुग्ण होते. केवळ किरणोपचार घेतलेल्या गटाचे मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण जिथपर्यंत हयात होते तो काळ, 12.1 महिने होते, तर गोळ्याही घेतलेल्या गटाचे 14.6 महिने. अडीच महिन्यांचा हा फरक कोणत्याही एका डॉक्टरला आपल्या दवाखान्यातील अनुभवावरून कधीच जाणवला नसता. रुग्णांची यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, वाटणी केल्यामुळे आणि संख्या पुरेशी असल्यामुळेच तो दिसला.

तुलनेचा मुद्दा किती कळीचा आहे, हे याच गाठीवरील उपचारासाठी तयार केलेल्या रिंडोपेपिमट या लसीच्या बाबतीत दिसून आले. दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत तुलनेसाठी गटच नव्हता. लस घेतलेल्या 65 रुग्णांचे मध्यक आयुर्मान 21.8 महिने भरले आणि पूर्वीच्या रुग्णांच्या नोंदींशी ताडून पाहता हा आकडा फार आशादायक वाटला. मात्र या चाचणीत ज्यांची गाठ शस्त्रक्रियेने जवळजवळ पूर्ण काढता आली होती आणि किरणोपचार व केमोथेरपी संपेपर्यंत जिची पुन्हा वाढ झाली नव्हती, असेच रुग्ण घेतले होते. असे रुग्ण लस न घेताही सर्वसाधारण रुग्णांपेक्षा अधिक काळ जगतात. पुढे 745 रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत मुख्य विश्लेषणातील दोन्ही गटांचे मध्यक आयुर्मान 20.1 आणि 20.0 महिने निघाले आणि 2016 मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. या आजारात रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर सारेच आशेच्या शोधात असतात. त्यामुळे तुलनेचा गट हवाच, हा आग्रह धरणे कठोरपणाचे वाटते. पण माझ्या मते रुग्णांविषयीची खरी कळकळ त्या आग्रहातच आहे.

यश कशाला म्हणायचे, हा प्रश्न बेव्हासिझुमॅबच्या वेळी ऐरणीवर आला. ग्लिओब्लास्टोमावर वापरून पाहिलेले हे औषध गाठीतील रक्तवाहिन्यांवर काम करते. गळक्या रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या, की एमआरआयच्या वेळी शिरेतून दिलेले द्रव्य गाठीत कमी झिरपते आणि चित्रातला पांढरा भाग आक्रसतो. गाठीच्या पेशी तितक्या कमी झालेल्या नसल्या, तरी चित्र सुधारलेले दिसते. 2014 मध्ये या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी अमेरिकेतील चाचणीत आजार न वाढता गेलेला काळ 7.3 वरून 10.7 महिन्यांवर गेला, पण एकूण आयुर्मान औषध घेतलेल्या गटात 15.7 आणि न घेतलेल्या गटात 16.1 महिने राहिले. शिवाय आजार न वाढण्याच्या काळातील हा लाभही आधी ठरवलेल्या कसोटीला उतरला नाही आणि निबंधात तसे स्पष्ट लिहिले गेले. त्या निबंधाचे दुसरे लेखक जेम्स डिग्नम हे शिकागो विद्यापीठातील जैवसंख्याशास्त्रज्ञ आहेत. शेवटी आकडेमोड करून देणाऱ्याचे नाव त्या जागी येत नाही, एवढे घरच्यांना जरूर सांगावे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मात्र संथ वाढणाऱ्या ग्लायोमाची (मेंदूतील आधारपेशींपासून होणाऱ्या गाठीची) एक अमेरिकन चाचणी. 1998 ते 2002 या काळात 251 रुग्णांची दोन गटांत वाटणी झाली. एका गटाला केवळ किरणोपचार, दुसऱ्याला किरणोपचारांनंतर तीन औषधांची केमोथेरपी. 2012 साली पहिला सविस्तर निकाल आला, तेव्हा केमोथेरपी घेतलेल्या गटात आजार उशिरा वाढत असल्याचे दिसले, पण एकूण आयुर्मानातील फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. तेथेच थांबून ‘उपयोग नाही’ असा शेरा मारणे सोपे होते. परंतु आलेख पाहिला, तर पहिली काही वर्षे जवळजवळ एकमेकींवरून जाणाऱ्या दोन रेषा पुढे हळूहळू फाकू लागल्या होत्या. दोन गटांतील जोखमींचे गुणोत्तर सर्व काळ सारखे राहते, असे गृहीत धरणाऱ्या नेहमीच्या पद्धती अशा वेळी कमकुवत ठरतात. रुग्णांचा पाठपुरावा चालूच ठेवला गेला आणि 2016 मध्ये चित्र स्पष्ट झाले : केवळ किरणोपचारांच्या गटाचे मध्यक आयुर्मान 7.8 वर्षे, तर केमोथेरपीही घेतलेल्या गटाचे 13.3 वर्षे. पहिला रुग्ण दाखल झाल्यापासून या निकालापर्यंत अठरा वर्षे गेली. अशा चाचणीत एका संख्याशास्त्रज्ञाने सुरू केलेले काम पुष्कळदा दुसरा पूर्ण करतो, म्हणून आज लिहिलेली प्रत्येक नोंद पंधरा वर्षांनी आलेल्या अनोळखी सहकाऱ्यालाही कळली पाहिजे. ही शिस्त अंगवळणी पडली, तर या क्षेत्रातील निम्मे शिक्षण झाले असे समजावे.

आपल्याकडेही असे काम झाले आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी 2001 ते 2012 या काळात मेंदूत गाठ असलेल्या, 3 ते 25 वर्षे वयाच्या 200 रुग्णांवर अचूक रोख धरणाऱ्या किरणोपचारांची यादृच्छिक चाचणी केली. त्यांनी मोजमाप निवडले ते बुद्ध्यंकाचे आणि संप्रेरकांच्या बिघाडाचे. वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा घेतलेल्या अशा मोजमापांचे विश्लेषण करणे आणि मध्येच येणे थांबलेल्या मुलांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडणे, हे केवळ जिवंत-मृत अशा नोंदींपेक्षा पुष्कळ अवघड असते.

शिक्षणाविषयी थोडक्यात सांगतो. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जैवसंख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. आपण संख्याशास्त्रात एम.एस्सी. करीतच आहात, तेव्हा जीवितकाल विश्लेषण (रुग्ण किती काळ जगतात याचा अभ्यास), चाचण्यांची आखणी आणि ‘आर’ ही संगणकीय भाषा यांवर भर द्यावा. त्याबरोबरच एमआरआय अहवाल आणि पॅथॉलॉजीचा अहवाल वाचायला शिकावे.

प्रश्न : माझ्या 58 वर्षांच्या काकांना ग्लिओब्लास्टोमा झाल्याचे निदान झाले आहे. ‘साधारण पंधरा महिने’ असे आम्हाला सांगण्यात आले. हा आकडा कसा काढतात आणि तो आम्ही कसा समजून घ्यावा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हा आकडा बहुधा वर उल्लेखिलेल्या 2005 च्या चाचणीतील आहे. तो मध्यक आहे, म्हणजे त्या काळापर्यंत निम्मे रुग्ण दगावले होते आणि निम्मे हयात होते. ती कोणा एका रुग्णाला दिलेली मुदत नव्हे. निकाल काढताना काही रुग्ण हयात असतात, काहींचा संपर्क तुटलेला असतो. 1958 मध्ये कॅप्लान आणि मायर यांनी मांडलेल्या पद्धतीत अशा प्रत्येक रुग्णाची नोंद, त्याची माहिती जिथपर्यंत आहे तिथपर्यंत, हिशेबात धरली जाते. त्याच चाचणीत गोळ्या घेतलेल्या गटातील 26.5 टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर हयात होते. केवळ किरणोपचारांच्या गटात हे प्रमाण 10.4 टक्के होते.

ती चाचणी 18 ते 70 वर्षे वयाच्या रुग्णांवर झाली होती, त्यामुळे आपल्या काकांचे वय तिच्या कक्षेत येते. परंतु गाठ किती काढता आली, काका स्वतःची कामे स्वतः करू शकतात का आणि गाठीतील एमजीएमटी या जनुकाची (या गोळ्यांनी पेशींना केलेली इजा दुरुस्त करणाऱ्या जनुकाची) स्थिती काय आहे, यांवर पुष्कळ अवलंबून असते. हे जनुक मिथिलीकरण या रासायनिक बदलामुळे बंद असलेल्या रुग्णांत गोळ्यांसह उपचारांचे मध्यक आयुर्मान 21.7 महिने आढळले, तर आधी केवळ किरणोपचार मिळालेल्या तशाच रुग्णांत ते 15.3 महिने होते. काकांच्या गाठीची ही तपासणी झाली आहे का आणि तिचा निष्कर्ष काय, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावे, आणि शस्त्रक्रियेनंतर लगेच काढलेल्या एमआरआयमध्ये किती गाठ शिल्लक दिसली, हेही त्यांच्याकडून समजून घ्यावे.