संतचरित्रावरची कादंबरी, स्वप्रकाशन आणि बी.एड.चा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली कन्या मराठीत एम.ए. झाली असून तिने संत बहिणाबाईंच्या जीवनावर सुमारे तीनशे पानांची कादंबरी लिहून पूर्ण केली आहे. प्रकाशकांकडून उत्तर येत नाही म्हणून ती स्वतःच प्रकाशित करावी आणि त्यासाठी यंदाची बी.एड.ची सीईटी सोडावी, असा तिचा विचार आहे. पुस्तक छापून देणाऱ्या एका कंपनीने त्यासाठी तिला ८५,००० रुपये घेऊन सर्व कामे करून देण्याचे ‘पॅकेज’ देऊ केले आहे. आणि पतीने केलेली मारहाण व तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजीचा प्रसंग हे भाग तिने गाळावेत, असे वारकरी या नात्याने आपल्याला वाटते. मी या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते या क्षेत्रात तिचे नाव होणार की नाही, हे तिथेच ठरणार आहे.

ज्या प्रसंगांची आपल्याला धास्ती वाटते, ते आपल्या मुलीने रचलेले नाहीत. बहिणाबाईंनी (१६२८-१७००) आपली जीवनकथा स्वतःच अभंगांत सांगून ठेवली आहे, आणि ब्राह्मण घरातल्या सुनेने शूद्र म्हणवल्या जाणाऱ्या तुकोबांना गुरू मानावे याचा पतीला आलेला संताप, त्याने केलेली मारहाण, पुढे देहूत मंबाजीने दिलेला त्रास, हे सारे त्यांत आले आहे. जे त्यांनी स्वतः झाकले नाही, ते त्यांच्यावरच्या कादंबरीने झाकण्याचे काही कारण मला दिसत नाही. खरी सावधगिरी हवी ती दुसरीकडे, म्हणजे लेखिकेने स्वतः रचलेल्या मजकुराबाबत. कोल्हापुरातले ते वासरू बहिणाबाईंना सोडत नसे आणि त्यांच्यामागून जयरामस्वामींच्या कीर्तनालाही जात असे, हे अभंगांत आहे. पण ते वासरू गेल्यावर घरात कोण काय बोलले, हे आपल्या मुलीला बहुतांशी कल्पनेनेच लिहावे लागले असणार. कादंबरीकाराला तो अधिकार आहेच. मात्र पुस्तकाच्या शेवटी चार-पाच पानांचे निवेदन जोडून कोणता प्रसंग अभंगांतला, कोणता परंपरेने सांगितला जाणारा आणि कोणता आपला, हे तिने नीट उलगडून सांगावे. आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: ‘बहिणी म्हणे’ अशी मुद्रा, म्हणजे अभंगातली कवीच्या नावाची खूण, घालून स्वतः रचलेला एकही अभंग कादंबरीत नसावा. असा अभंग उद्या कोणाच्या तरी कीर्तनात मूळचा म्हणून गायला जाईल आणि त्याची जबाबदारी आपल्या मुलीवर येईल.

जुन्या अभंगांवर कोणाचा स्वामित्व हक्क नाही. परंतु आधुनिक संपादकांच्या टीपा आणि प्रस्तावना त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत संरक्षित असतात, तेव्हा त्या जशाच्या तशा उचलू नयेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ ची भीती काही लोक घालतील. ते कलम जाणूनबुजून व दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावण्याविषयी आहे. तरीही छपाईपूर्वी हस्तलिखित एखाद्या वकिलाच्या नजरेखालून गेलेले बरे.

पॅकेज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या रकमेत ज्या गोष्टी मोजल्या जातात, त्यांपैकी आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि तो लेखकाला स्वतः घेता येतो. मुखपृष्ठ, मुद्रितशोधन आणि अक्षरजुळणी या तीन कामांवर मात्र पैसे खर्च करावेत. अक्षरजुळणी पहिल्यापासून युनिकोडमध्येच करून घ्यावी, कारण आपल्याकडे पुष्कळ डीटीपीवाले अजूनही श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये काम करतात आणि तो मजकूर नंतर किंडलवर नेताना जोडाक्षरांची वाताहत होते.

आता हिशेब. समजा, किंमत ४०० रुपये ठेवली आणि ५०० प्रतींची छपाई प्रत्येकी १५० रुपयांत झाली, तर ७५,००० रुपये आधी गुंतवावे लागतील. विक्रेत्याला ४५ टक्के सूट दिल्यास एका प्रतीमागे ७० रुपये सुटतात; तीच प्रत वाचकाला थेट ३२० रुपयांत, टपालखर्च वेगळा घेऊन दिली, तर १७० रुपये सुटतात. ३०० प्रती थेट, १५० दुकानांतून आणि ५० भेट व परीक्षणासाठी, असे धरले तरी सगळा साठा संपल्यावर हाती ५४,००० रुपये उरतील, आणि साठा संपायला दोन वर्षे लागली तरी नवल नाही. या आकड्यांवर घर चालत नाही, हे तिला आपण सांगू नये, तिच्या हिशेबाच्या वहीलाच सांगू द्यावे.

प्रसिद्धीचे काम तिने स्वतः करावे, आणि त्याची पहिली अडचण नावाचीच आहे. ‘बहिणाबाई’ असे शोधले की वाचकासमोर जळगावच्या बहिणाबाई चौधरी येतात. म्हणून उपशीर्षकात ‘संत’, ‘शिऊर’ (संत बहिणाबाईंची समाधी असलेले गाव) आणि ‘तुकोबा’ हे शब्द यावेत. वारीत हे पुस्तक विकण्याचा मोह टाळावा. पायी चालणारा वारकरी तीनशे पानांचे ओझे घेत नाही; त्याच्यासाठी हवी तर निवडक अभंगांची बत्तीस पानी पुस्तिका वेगळी काढावी. कादंबरीचा खरा वाचक सप्ताहातल्या श्रोत्यांत, महिला भजनी मंडळांत आणि गावोगावच्या वाचनालयांत आहे. ग्रंथालय संचालनालयाच्या ग्रंथनिवडीसाठी प्रत वेळेवर पाठवावी, तुकाराम बीजेच्या आसपास दोन-तीन मिनिटांचे अभिवाचन यूट्यूबवर घालावे, आणि ज्यांचे कीर्तन लोक मन लावून ऐकतात अशा मोजक्या कीर्तनकारांना पुस्तक भेट द्यावे, पण शिफारशीची अट घालू नये. ‘हे पुस्तक घरी ठेवल्याने कृपा होते’ अशा थाटाची जाहिरात तिने चुकूनही करू नये. भाविकांचा विश्वास असा वापरला की पहिली आवृत्ती खपते आणि दुसऱ्या पुस्तकाला वाचक उरत नाही. परदेशातल्या मराठी वाचकांसाठी ई-पुस्तक सोयीचे ठरेल.

शेवटी सीईटीविषयी. ती परीक्षा तिने द्यावी. बी.एड.ची दोन वर्षे आणि पुस्तकाची पहिली दोन वर्षे एकत्र चालू शकतात, कारण प्रसिद्धीचे बरेचसे काम सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळीच होते. अध्यापनाची तिला खरोखरच नावड असेल, तर तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याबद्दल मी तिच्याशीच बोलेन. तसे असल्यास मोडी लिपीचे शिक्षण हा मला अधिक जवळचा पर्याय वाटतो, कारण जुने दस्तऐवज वाचून लिप्यंतर करणाऱ्यांना कामे मिळतात आणि पुढच्या ऐतिहासिक कादंबरीलाही त्याचा थेट उपयोग होतो. राज्याच्या नवलेखक अनुदान योजनेचीही तिने आताच चौकशी करावी. हस्तलिखित छापखान्यात देण्यापूर्वीच तिथे अर्ज करणे हिताचे, म्हणून तोवर कंपनीला आगाऊ रक्कम देऊ नये.

आपला,
करिअर मार्गदर्शक